आईच्या नव्या सिमवर कुणा दुसऱ्याचेच मेसेज येतात. काय करावं?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात सांगण्यासारखं नाही.

दिवाळीत आईसाठी स्वतःचा असा पहिला फोन घेतला. आई मिरजेला, मी पुण्यात. सिमही नवीन, तिच्या नावावर, तिच्या आधारवर घेतलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन: "अरे, हे कुणाचं पोर? आज शाळेत गेलं नाही म्हणतंय." शाळेचा हजेरीचा मेसेज होता, मराठीत. मी म्हटलं चुकून आला असेल.

चुकून नव्हता. दोन आठवड्यांत त्या नंबरावर एका गृहकर्जाचा थकलेला हप्ता, गॅसच्या टाकीचा डिलिव्हरी कोड, तपासणी केंद्राकडून रक्ताच्या रिपोर्टची लिंक आणि बँकेचे तीन ओटीपी आले. लिंक दाबली तर पासवर्ड न विचारता रिपोर्ट उघडतो. मी नाव दिसताक्षणी बंद केला, पण उघडला हे खरं आहे आणि ते मनाला लागलंय. एक अख्खं घर आमच्यापुढे उघडं पडलंय आणि त्या घराला त्याचा पत्ता नाही. आईला तर रोज त्या मुलाची काळजी. काल म्हणाली, "गेलं बाई आज शाळेत."

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. ते म्हणाले नंबर तुमचाच आहे, नको असलेले मेसेज ब्लॉक करा. ब्लॉक केले की आमचा त्रास जाईल, पण त्या माणसाचे ओटीपी येतच राहणार ना? त्याला कळवायचं कसं?

(संपादन: शाळेचं नाव, मुलाचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे काढून टाकले आहेत.)

घाटमाथा | मंगळवार, रात्री ९:५२

तुम्ही शाळेचं आणि मुलाचं नाव इथे लिहिलं आहे ते आधी काढा. हेतू चांगला आहे, पण या पानावर कुणीही येऊन वाचू शकतं.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:५८

काढलं. धन्यवाद. लिहिताना लक्षातच आलं नाही.

टॉवरखाली | मंगळवार, रात्री १०:३५

मी मोबाइल नेटवर्कच्या कामात एकोणीस वर्षं आहे, म्हणून यातलं थोडं सांगतो.

दहा आकडी नंबर संपत्तीसारखे मोजके असतात. सिम बंद पडलं की तो नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग पुन्हा बाजारात आणतात. तुमच्या आईंना मिळालेला असाच फिरून आलेला आहे. हे बेकायदा नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये हाच विषय आला होता. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देण्यापासून कंपन्यांना रोखता येणार नाही आणि आपली माहिती सांभाळण्याची व्यवस्था जुन्या ग्राहकानेच करावी, असं तिथे ठरलं.

यात कायदा आणि यंत्र एकाच गोष्टीवर उभे आहेत. एसएमएस माणसाला जात नाही, नंबराला जातो. बँकेच्या यंत्रातून निघालेला मेसेज आमच्या संदेश केंद्रात येतो, तिथे साठतो, तो नंबर या क्षणी कुठल्या सिमवर, कुठल्या टॉवरखाली आहे ते विचारलं जातं आणि मग तो पुढे ढकलला जातो. 'घेणारा तोच माणूस आहे का' हा प्रश्न या वाटेवर कुठेही विचारला जात नाही. मूळ रचनाच तशी आहे. ३ डिसेंबर १९९२ ला ब्रिटनमध्ये पहिला एसएमएस गेला तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. रोमन लिपीत १६० अक्षरं आणि देवनागरीत ७० अक्षरं मावणाऱ्या या पट्टीवर कधी काळी लोकांच्या तिजोऱ्यांच्या किल्ल्या ठेवल्या जातील, अशा विचाराने ती कुणी घडवली नव्हती.

आणि हो, एसएमएस म्हणजे पाकीट नाही, पोस्टकार्ड आहे. फोन ते टॉवर या टप्प्यात मजकूर सांकेतिक भाषेत झाकलेला असतो. त्यापुढे आमच्या केंद्रात, मधल्या घाऊक मेसेज पाठवणाऱ्या कंपन्यांकडे, तो वाचता येईल अशा रूपात असतो.

खातेवही | बुधवार, सकाळी ६:१५

मी बँकेतून निवृत्त. शाखेत असताना असे ग्राहक यायचे, त्यांची अडचण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसायचा, म्हणून मुद्दाम लिहितो.

कायमच्या बंद झालेल्या नंबरांची एक यादी सरकारी यंत्रणेकडे असते. १७ जानेवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना आणि वित्तसंस्थांना सांगितलं की ही यादी वापरून आपल्या ग्राहकांचे नंबर तपासा आणि बदललेला नंबर खात्री करूनच नोंदवा. यूपीआयसाठी तर मार्च २०२५ अखेरपासून दर आठवड्याला ही यादी पाहायची असं ठरलं आहे. म्हणजे तुमच्याकडे येणारे ओटीपी खरं तर आतापर्यंत थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत म्हणजे कुठेतरी हे काम झालेलं नाही.

तुम्ही असं करा. त्या बँकेच्या जवळच्या शाखेत आईंना घेऊन जा. सिमचं बिल आणि ओळखपत्र सोबत. 'हा नंबर अमुक तारखेपासून माझ्याकडे आहे, तुमच्या ग्राहकाचा नाही' असा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्राहकाचा पत्ता बँकेकडे असतो, तुम्ही शोधू नका. पोच महत्त्वाची का? उद्या त्या खात्यातून काही गेलं, तर पोलीस आधी नंबर कुणाच्या नावावर आहे ते बघतील. ते नाव तुमच्या आईंचं आहे.

आलेले ओटीपी पुसून टाका. एकही कुठे टाकून बघू नका, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही.

सेतूकेंद्र | बुधवार, दुपारी २:१०

परभणी जिल्ह्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. शहरातल्या लोकांना वाटतं प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात असतो. आमच्याकडे तसं नाही हो.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बायका दारात रांगा लावून होत्या. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर येणार. कुणाचा नंबर ऊसतोड सोडून पुण्याला कामाला गेलेल्या नवऱ्याकडे, कुणाचा भावाचा, कुणाचा सहा वर्षांपूर्वी कुणीतरी आधार काढताना दिला तो, जो आता कुणाकडे आहे देव जाणे. त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागायचा. एक बाई तीन दिवस आली. नवरा फोन उचलेना. तिचे महिन्याचे १५०० रुपये नवऱ्याच्या फोनवरच्या सहा आकड्यांवर अडकलेले.

आणि एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. फोन नसलेल्या माणसाचा अर्ज भरताना काही केंद्रवाले स्वतःचाच नंबर टाकून देतात. काम होतं, पण पुढे पीक विम्याचा, अनुदानाचा, प्रत्येक मेसेज त्या केंद्रवाल्याला जातो. शेतकऱ्याला पैसे आले की गेले हे त्याच्या आधी दुसऱ्याला कळतं. मी हे सुरुवातीला केलंय. आता करत नाही. मुलगा, मुलगी, शेजारी, ज्याच्यावर त्या माणसाचा विश्वास आहे त्याचा नंबर विचारतो आणि कुणाचा टाकला ते त्यांच्या कागदावर पेनाने लिहून देतो.

मोगरा | बुधवार, रात्री ८:०५

माझ्या सासऱ्यांची गोष्ट यात बसते की नाही माहीत नाही. त्यांचा नंबर त्यांच्याच खिशात होता आणि तरी पैसे गेले.

व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच माणसाकडून लग्नाची पत्रिका आली. पत्रिका कसली, ती एपीके फाइल होती, म्हणजे दाबली की फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी. दाबली, फोनने दोनदा विचारलं, यांनी दोन्हीदा हो म्हटलं. कारण पत्रिका ओळखीच्या घरची. त्यानंतर फोनवर येणारा प्रत्येक एसएमएस गुपचूप दुसरीकडे जात होता. पहाटे तीन व्यवहार झाले. सासऱ्यांनी कुणालाही ओटीपी सांगितला नव्हता, आणि बँकेत, पोलिसांत जो तो पहिला प्रश्न हाच विचारत होता: "ओटीपी कुणाला सांगितला?" ७३ वर्षांचा माणूस, हिशेबाला चोख, आणि त्यांना सगळ्यांसमोर खोटं ठरवलं गेलं. पैशांपेक्षा ते त्यांना जास्त लागलं.

ज्याच्याकडून पत्रिका आली त्याचाही फोन असाच बाधित झाला होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.

टॉवरखाली | बुधवार, रात्री ९:२०

मोगरा ताई, सासऱ्यांना नक्की सांगा की ते खरं बोलत होते. अशा अ‍ॅपला फक्त 'एसएमएस वाचण्याची परवानगी' मिळाली की पुरे, मग माणसाने तोंड उघडायची गरज उरत नाही. वाहतूक दंडाच्या चलनाची नोटीस, सरकारी योजना, लग्नपत्रिका, सगळ्या सोंगांत हीच फाइल फिरते. गुगलने २०१९ पासून आपल्या प्ले स्टोअरवर ही परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपवर कडक बंधनं आणली, म्हणूनच हे लोक दुकान टाळून व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट फाइल पाठवतात.

ही परवानगी बघायला दोन मिनिटं लागतात. सेटिंगमध्ये परवानग्यांच्या यादीत 'एसएमएस' उघडा. तिथे मेसेजचं मूळ अ‍ॅप आणि बँकेची, यूपीआयची अ‍ॅप सोडून टॉर्च, कॅलेंडर, झटपट कर्ज असलं काही दिसलं तर परवानगी काढा. अ‍ॅप अनोळखी असेल तर ते पुसाच. आज घरातल्या प्रत्येकाचा फोन हातात घेऊन हे एकदा बघा, एवढी विनंती.

सडाफटिंग | बुधवार, रात्री ९:४१

एवढी काळजी कशाला? आता साधे मेसेज पाठवतं कोण? सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ते २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद आहे. एसएमएसमध्ये लपवण्यासारखं माझं काही नाही.

राईनकाठी | बुधवार, रात्री ११:३०

@सडाफटिंग, तुमच्या त्या कुलूपबंद व्हॉट्सअ‍ॅपची नोंदणी कशावर होते? एसएमएसवर आलेल्या सहा आकड्यांवर. दोन टप्प्यांचा पिन लावला नसेल तर मोठ्या घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवल्यासारखं आहे. तो पिन आजच लावा.

मी जर्मनीत राहते. २०१७ च्या जानेवारीत इथे ओ-टू टेलिफोनिका या मोबाइल कंपनीच्या काही ग्राहकांच्या बँक खात्यांतून पैसे गेले. चोरांनी आधी त्यांच्या संगणकांतून खात्याचे पासवर्ड मिळवले होते. मग मोबाइल कंपन्या जगभर एकमेकींशी ज्या एसएस-सेव्हन नावाच्या यंत्रणेतून बोलतात, तिच्यातून 'हा ग्राहक सध्या आमच्या नेटवर्कवर आहे, त्याचे मेसेज इकडे पाठवा' असा खोटा निरोप दिला. बँकेचे कोड त्यांच्याकडे वळले. ग्राहकांचे फोन त्यांच्या उशाशीच होते. ही यंत्रणा १९७० च्या दशकातली, मोजक्या सरकारी कंपन्यांनी एकमेकींवर विश्वास ठेवायच्या काळातली. ती कशी फसवता येते हे २०१४ मध्ये इथल्याच एका हॅकर संमेलनात भर सभेत दाखवलं होतं. दोन वर्षं लोटली तरी दार उघडंच होतं.

आणि आम्हा परदेशस्थांची वेगळीच गत. भारतातलं सिम केवळ ओटीपीसाठी जिवंत ठेवायचं. रिचार्ज विसरलं की नंबर गेला आणि नंबराबरोबर आई-बाबांच्या संयुक्त खात्याची दोरीही गेली. कृष्णाकाठ, तुमच्या आईच्या फोनवर ज्याचे मेसेज येतात तो कदाचित असाच कुठेतरी दूर असेल.

टॉवरखाली | गुरुवार, सकाळी ७:५०

राईनकाठी यांनी बरोबर लिहिलं. त्यात एक भर घालतो, ती फोनजवळच्या धोक्याची.

जुन्या टू-जीमध्ये फोन स्वतःची ओळख टॉवरला पटवून देतो, पण टॉवर खरा आहे का हे विचारत नाही. थ्री-जीपासून दोघेही एकमेकांना तपासतात. त्यामुळे खोटा टॉवर गाडीत घेऊन फिरायचं, आसपासच्या फोनना टू-जीवर ओढायचं आणि बँकेच्या नावाने मेसेज सोडायचे, हे आजही चालतं. लंडनमध्ये २०२४ ला अशा प्रकरणात अटक झाली. टू-जीचं ए-फाइव्ह-वन हे सांकेतिकीकरण तर २००९ मध्येच कार्स्टन नोल या संशोधकाने उघडं पाडलं होतं. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये टू-जी बंद करायची सोय आहे. तुमच्या गावी फोर-जी नीट मिळत असेल तर बंद करा. डोंगरात, जिथे टू-जीवरच फोन लागतो, तिथे मात्र करू नका. मदत मागायला फोन लागणं जास्त गरजेचं.

आपल्याकडे पाठवणाऱ्याची नावं नोंदवलेली असतात, ही जमेची बाजू. २०२५ पासून नावाच्या शेवटी एक अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. साध्या दहा आकडी नंबरावरून 'तुमचं खातं बंद होतंय' असं आलं तर ते बँकेचं नाही.

तळटीप | गुरुवार, दुपारी १:२५

वकील आहे, म्हणून सरकारच्या बाजूचं थोडं लिहिते, कारण 'सरकार आपले मेसेज वाचतं का' हे मला अशील नेहमी विचारतात.

वाचू शकतं, पण मनाला येईल तेव्हा नाही. १८८५ च्या तार कायद्यातच संदेश अडवण्याची तरतूद होती, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या अटींवर. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कार्यपद्धती घालून दिली. आता डिसेंबर २०२४ चे नवे नियम आहेत. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लागतो, तो एका वेळी ६० दिवसांचा आणि वाढवून जास्तीत जास्त १८० दिवसांचा, वर पुनर्विलोकन समिती. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. त्याच्या आधारावर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचखोरीच्या प्रकरणातले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि ती ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली, कारण त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता. माझ्या मते हा निकाल महाराष्ट्रात प्रत्येक पोलीस ठाण्यात माहीत असायला हवा. समितीत मात्र सगळे सरकारी अधिकारीच असतात, न्यायाधीश नाही, हे मला खटकतं.

कृष्णाकाठ, तुमच्यापुरतं: दुसऱ्याचा ओटीपी, पासवर्ड लबाडीने वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या हातून तसं काही घडलेलं नाही. खातेवही काकांनी सांगितलेली पोच जपून ठेवा.

ओसरी | गुरुवार, दुपारी ४:४०

हे सगळं वाचतेय. गृहसचिव माझे मेसेज वाचतील याची भीती मला कधी वाटली नाही. माझे मेसेज घरात वाचले जायचे.

पगार जमा झाला की मेसेज यायचा आणि माझ्या आधी तो टेबलावरच्या फोनवर चमकायचा. किती आले, मी कुठे किती खर्च केले, दवाखान्याची वेळ कधीची घेतली, माहेरी किती पाठवले, सगळ्याचा जाब संध्याकाळी. मी फोनला कुलूप लावलं होतं, पण कुलूपबंद पडद्यावर मेसेज वाचता येतो हे मला एका मैत्रिणीने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. सूचनांच्या सेटिंगमध्ये 'मजकूर लपवा' करता येतं. ते केलं त्या दिवशी मी किती मोकळा श्वास घेतला हे सांगता येणार नाही. पुढे माझ्या दुसऱ्या खात्याचा नंबरही बदलला, तिथे आधी घरच्यांचाच नोंदवलेला होता.

ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी आपल्या खात्याला कुणाचा नंबर जोडला आहे ते बघा.

घाटमाथा | गुरुवार, दुपारी ४:५८

ओसरी, लिहिलंत हे फार बरं केलंत.

सडाफटिंग | गुरुवार, संध्याकाळी ६:१२

व्हॉट्सअ‍ॅपला पिन लावला. ओसरी यांचा प्रतिसाद वाचून 'लपवण्यासारखं काही नाही' हे वाक्य मागे घेतो.

खातेवही | शुक्रवार, सकाळी ६:२०

दोन गोष्टी राहिल्या.

एक, फोनला अचानक नेटवर्क येईनासं झालं आणि शेजारच्याला येत असेल तर दुपारपर्यंत थांबू नका. कुणी तुमच्या नावाने नवं सिम काढलेलं असू शकतं. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस चालत नाहीत, हे तुमच्याच रक्षणासाठी केलेलं आहे. तेवढ्या वेळात कंपनीला आणि बँकेला गाठा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा वेळी कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. मोगरा ताई, सासऱ्यांच्या तक्रारीत या नियमाचा उल्लेख करून बघा. बँक नाही म्हणाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

दुसरी कृष्णाकाठ यांना विचारायची आहे. तुम्ही लिहिलंत, आईंचा हा स्वतःचा पहिला फोन. मग याआधी घरी कुणाचा नंबर होता? आणि तो आता कुठे आहे?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:१५

काका, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहवलं नाही.

बाबांचा नंबर होता. ते जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा फोन कपाटात ठेवला, रिचार्ज कुणी केलं नाही. आईचं पेन्शनचं खातं, गॅस, घरपट्टी, विमा, सगळीकडे तोच नंबर दिलेला. आम्ही फक्त दाखल्यांच्या मागे होतो, नंबराचा विचार शिवलाही नाही.

आज दुपारी तो नंबर लावला. मोबाइलमध्ये 'बाबा' म्हणूनच आहे अजून. जालन्याच्या एका माणसाने उचलला. मी कोण, का फोन केला ते सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, येतात ना मेसेज. दीड वर्ष झालं. विम्याचे येतात, पेन्शन जमा झाल्याचा दर महिन्याला येतो. मी पुसत नाही, कधीतरी कुणी विचारेल म्हणून ठेवलेत." मग त्यांनी एकेक वाचून दाखवले. विम्याच्या एका पॉलिसीचे दोन हप्ते चुकलेत, हे मला जालन्याहून कळलं.

गुरुवारी इकडच्या बँकेत आईला घेऊन जाऊन अर्ज दिला होता, पोच मिळाली. तपासणी केंद्रालाही कळवलं, त्यांनी तो नंबर काढला. शाळेत स्वतः गेलो, कार्यालयातल्या बाईंनी पालकांना निरोप देते म्हणाल्या. उद्या रजा टाकली आहे. सकाळी आईच्या बँकेत, मग विमा कार्यालय, गॅस एजन्सी आणि आधार केंद्र. जालन्याच्या काकांना सांगितलंय की मंगळवारनंतरही काही आलं तर मला कळवा. ते हो म्हणाले आणि आईची तब्येत विचारली.